मृत्यूच्या नोंदीतला रिकामा रकाना

मा. आरोग्य अधिकारी, पुणे महानगरपालिका,
यांस,

30 जून 2021 च्या अधिसूचनेने मांजरी बुद्रुक इतर बावीस गावांबरोबर पुणे महापालिकेत आले. तेव्हापासून गावात चर्चा चालते ती पाण्याची, मिळकतकराची, ड्रेनेजची आणि रस्त्यावरच्या कोंडीची. एक बदल मात्र कोणाच्या फारसा ध्यानात आला नाही. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाच्या कपाटात असलेले जन्म-मृत्यूचे रजिस्टर आपल्या खात्याच्या कक्षेत आले. गावातले माणूस कधी गेले आणि कशाने गेले, हे लिहून ठेवायची जबाबदारी आता आपली. यातले 'कधी' नीट लिहिले जाते, कारण वारसनोंदीला, विम्याला, पेन्शनला तारीख लागते. 'कशाने' मात्र कोणी विचारत नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

ज्या गावाच्या हद्दीत उसावर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि सीरम इन्स्टिट्यूटचे लशींचे कारखाने आहेत, त्या गावाला आकड्यांचे वावडे असायचे कारण नाही. 16 जानेवारी 2021 ला देशात कोविड लसीकरण सुरू झाले आणि मांजरीतून निघणाऱ्या कुप्यांकडे साऱ्या देशाचे डोळे लागले. पाचच दिवसांनी, 21 जानेवारीला, त्याच आवारात बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीला आग लागली आणि पाच कामगार गेले. साथीच्या त्या वर्षांतही माणसे आगीत जात होती, अपघातात जात होती, हृदयविकाराने, क्षयाने, बाळंतपणात जात होती. कोविडच्या तक्त्यात त्यांना जागा नव्हती, आणि ते बरोबरच होते. पण कुठल्याही वैद्यकीय पाहणीत अशी माणसे असतातच: ज्या आजारासाठी त्यांचे नाव वहीत आले, तो आजार गाठण्याआधी दुसऱ्याच कारणाने गेलेली. त्यांना हिशेबात कुठे बसवायचे?

संख्याशास्त्रात या प्रश्नाला स्पर्धक जोखमींचा प्रश्न म्हणतात. एकाच माणसाच्या मागे अनेक कारणे लागलेली असतात. त्यांतले जे आधी गाठते, ते बाकीच्यांचा दावा कायमचा संपवते. हृदयविकाराने गेलेली बाई पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने जाऊ शकत नाही. हे वाक्य इतके बाळबोध आहे की लिहायलाही संकोच वाटावा. तरीही ते विसरून काढलेले आकडे नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतही छापून आलेले आहेत.

या हिशेबाची सुरुवात टोचणीच्या वादातून झाली, हे मांजरीकरांना आवडावे. 30 एप्रिल 1760 रोजी गणितज्ञ डॅनिएल बर्नुली यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे देवीवर एक निबंध ठेवला. देवीवरची जेनरची लस तेव्हा यायची होती. देवीच्या फोडातला अंश निरोगी माणसाला टोचायचा, सौम्य देवी आणायच्या आणि पुढचा धोका टाळायचा, अशी पद्धत होती. त्यात काही जण दगावत, म्हणून वाद. बर्नुलींनी प्रश्न केला: देवी हे कारणच यादीतून पुसले, तर माणसाचे आयुष्य किती वाढेल? खगोलशास्त्रज्ञ हॅली यांनी ब्रेस्लाऊ शहरासाठी केलेला मृत्यूतक्ता त्यांनी पुढ्यात घेतला. देवी न आलेल्या आठांत एकाला दर वर्षी देवी येतात आणि देवी आलेल्या आठांत एक दगावतो, असे धरले. उत्तर आले ते असे की सरासरी आयुष्य 26 वर्षे 7 महिन्यांवरून 29 वर्षे 9 महिन्यांवर जाईल. एवढ्या भयंकर रोगाला हद्दपार करून कमाई तीन वर्षांची, हे वाचून आजचा वाचक थोडा हिरमुसतो. पण देवीतून वाचलेले मूल त्या काळी हगवणीने, तापाने, नाहीतर पुढे बाळंतपणात जाण्याची शक्यता राहतच होती, आणि बर्नुलींनी ती हिशेबात धरली. त्यांचे मोठेपण तिथेच आहे.

गणितज्ञ दालांबेर यांनी लगेच हरकत घेतली. आज टोचून महिन्याभरात मरण्याची भीती आणि म्हातारपणी कधीतरी पदरात पडणारी तीन वर्षे, या दोन गोष्टी एका तराजूत कशा घालता? ही हरकत शिळी झालेली नाही. 2024 च्या मे महिन्यात सीरमच्याच कोविशिल्ड लशीमुळे क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांवरून आपल्याकडे जो गदारोळ झाला, त्यात दालांबेरच बोलत होते आणि बर्नुलींना कोणी विचारले नाही.

(जाता जाता: बर्नुलींच्या निबंधानंतर बेचाळीस वर्षांनी, 14 जून 1802 रोजी, जेनरची लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. लशीशी महाराष्ट्राचे नाते सीरमच्या कितीतरी आधीचे आहे.)

आता आपल्या खात्याच्या ताज्या अनुभवाकडे. राज्यातले पहिले कोविड रुग्ण 9 मार्च 2020 ला पुण्यातच सापडले आणि महापालिकेचे नायडू रुग्णालय रोजच्या बातम्यांत आले. तेव्हा प्रत्येकाच्या ओठांवर एकच प्रश्न होता: दाखल झालेल्यांपैकी किती दगावतात? उत्तर सोपे वाटते. ते किती निसरडे आहे, हे पाहण्यासाठी एक कल्पित वॉर्ड घेऊ. आकडे मुद्दाम सोपे धरले आहेत.

शंभर रुग्ण दाखल झाले. पाचव्या दिवशी दहा दगावले, नव्वद उरले. सातव्या दिवशी सत्तर जणांना डिस्चार्ज मिळाला, वीस उरले. चौदाव्या दिवशी त्या विसांतले आठ गेले आणि राहिलेले बारा विसाव्या दिवशी घरी गेले. एकूण मृत्यू अठरा. शाळकरी पोरही सांगेल, अठरा टक्के.

हाच वॉर्ड आता काप्लान-मायर पद्धतीच्या हाती देऊ. एडवर्ड काप्लान आणि पॉल मायर यांनी 1958 मध्ये मांडलेली ही रीत जगातल्या जवळजवळ प्रत्येक कर्करोग रुग्णालयात रोज वापरली जाते आणि ती उत्तम आहे. तिच्यात एक अट दडलेली आहे. जो माणूस मध्येच पाहणीतून निसटला, त्याचे पुढचे भवितव्य वहीत राहिलेल्यांसारखेच आहे, असे ती धरते. उसतोडीसाठी गाव सोडून गेलेल्या रुग्णाला ही अट बहुधा लागू पडते. तो कुठेतरी आहे, फक्त दिसत नाही. डिस्चार्ज मिळालेल्या माणसाला ती लागू पडत नाही, कारण तो बरा झाला म्हणूनच गेला. तरीही त्याला 'निसटला' असे धरले, तर हिशेब असा होतो: पाचव्या दिवशी शंभरातले नव्वद वाचले, चौदाव्या दिवशी विसांतले बारा वाचले, दोन्हींचा गुणाकार चोपन्न टक्के. म्हणजे मृत्यूचा धोका शेहेचाळीस टक्के! अठराचे शेहेचाळीस झाले, आणि एकही नोंद खोटी नाही.

उलट बाजूने मोजा. मृतांना 'निसटलेले' धरून बरे होण्याची शक्यता काढा. ती येते शंभर टक्के. शेहेचाळीस टक्के मरणार आणि शंभर टक्के बरे होणार, असा वॉर्ड पुण्यात तरी आजवर कोणी पाहिलेला नाही.

ही चूक नवी नाही आणि तिची एक जुळी बहीणही आहे. साथ चालू असताना आजवरचे मृत्यू भागिले आजवरचे सगळे रुग्ण, असा भागाकार केला, तर जे अजून खाटेवर आहेत ते सगळे आपोआप वाचलेल्यांत जमा होतात. 2003 च्या सार्स साथीत जागतिक आरोग्य संघटनेचा सुरुवातीचा अंदाज चार टक्क्यांच्या आसपास होता. मे महिन्यात तो चौदा-पंधरा टक्क्यांवर न्यावा लागला. त्या दोन महिन्यांत विषाणू चौपट मारक झाला नव्हता. खाटेवरच्या रुग्णांचा निकाल लागत गेला, एवढेच. दोन्ही चुकांवर उपाय एकच आहे: प्रत्येक रुग्णाची बाहेर पडायची वाट नोंदवायची आणि सगळ्या वाटा एकाच हिशेबात धरायच्या. ओड आलेन आणि सोरेन योहान्सन यांनी 1978 मध्ये त्यासाठीचे सूत्र दिले. त्यात मृत्यूचे, डिस्चार्जचे आणि अजून दाखल असलेल्यांचे प्रमाण यांची बेरीज कुठल्याही दिवशी शंभरच येते. वरच्या वॉर्डाला ते सूत्र लावा, विसाव्या दिवशी अठरा आणि ब्याऐंशी हाती येतात.

पुणेकरांना रेमडेसिविरची आठवण करून द्यायला नको. एप्रिल 2021 मध्ये त्या इंजेक्शनसाठी नातेवाईक रात्ररात्र रांगेत उभे राहिले. ज्या मोठ्या चाचणीने या औषधाला नाव मिळवून दिले, तिच्यात 1,062 रुग्ण होते आणि मोजलेली मुख्य गोष्ट होती बरे होण्याला लागणारे दिवस. औषध मिळालेल्यांचा मध्यक दहा दिवस, न मिळालेल्यांचा पंधरा. इथे बरे होण्याचा स्पर्धक म्हणजे मृत्यू. मृतांना वगळून उरलेल्यांचेच दिवस मोजले असते, तर गंभीर रुग्णांना झटपट मारणारे औषधही गुणकारी दिसले असते, कारण मागे उरले असते ते सौम्य आजाराचे. त्या चाचणीच्या संख्याशास्त्रज्ञांनी ही फट बुजवली. मृतांना त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत हिशेबात ठेवले, 'बरे न झालेले' म्हणून. मेलेल्या माणसांना जोखमीच्या यादीत जिवंत ठेवण्याची ही युक्ती ऐकायला विचित्र आहे. जेसन फाइन आणि रॉबर्ट ग्रे यांनी 1999 मध्ये तिला पद्धतशीर रूप दिले आणि आज ती जगभर वापरली जाते. मृत्यूचे प्रमाण त्या चाचणीत औषधाच्या गटात 11.4 टक्के होते आणि दुसऱ्या गटात 15.2, हा फरक योगायोगाचा असू शकतो, इतपतच पुरावा होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत मृत्यूंवर परिणाम जवळपास दिसलाच नाही. रांगेतल्या माणसाला हवा होता जीव. कागदावर सिद्ध झाले होते ते लवकर सुटणे. या दोहोंतला फरक त्या वेळी ठळकपणे सांगितला गेला असता, तर काही घरांचे दागिने वाचले असते.

आपल्या राज्याने या शास्त्राला दिलेले सर्वांत मोठे उदाहरण मात्र कोविडचे नाही. ते मराठवाड्यातल्या बायकांचे आहे.

1999 च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक पाहणी सुरू झाली. टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे हे काम. गावांचे 52 समूह करून ते चार गटांत वाटले, त्यांत 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी, एकदाच. दुसऱ्याची पेशींची तपासणी. तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथा गट नेहमीच्या उपचारांवर. आठ वर्षे पाठपुरावा झाला आणि एप्रिल 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात 34,126 स्त्रिया होत्या, त्यांतल्या 34 गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या. चौथ्या गटात 31,488 स्त्रिया, मृत्यू 64. पुढच्या टप्प्यात सापडलेले कर्करोग 39 विरुद्ध 82.

बातमीत हे 'मृत्यू निम्म्यावर' असे येते. खरेच आहे. पण दुसरी भाषाही तितकीच खरी आहे: आठ वर्षांत हजारी दोन मृत्यूंच्या जागी हजारी एक. म्हणजे तपासणी न झालेल्या हजारातल्या नऊशे अठ्ठ्याण्णव या कर्करोगाने गेल्या नाहीत. त्यांतल्या बहुतेक जगल्या, काही दुसऱ्या कारणांनी गेल्या, आणि तपासणी त्या दुसऱ्या कारणांचे काहीच करू शकत नव्हती. पहिला आकडा तपासणीची ताकद सांगतो. दुसरा आकडा, किती खर्च करून किती जीव वाचतील, ते सांगतो. आपल्या खात्याला अंदाजपत्रक मांडताना दुसराच लागतो. आणि हो, चौथ्या गटातल्या बायकांची तपासणी केली नाही यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप हलके नव्हते. ज्या 64 जणी गेल्या, त्यांच्या नोंदींवर हे ज्ञान उभे आहे, हे विसरू नये.

आता हा 64 आकडा आला कुठून? खेड्यापाड्यात घरीच गेलेल्या बाईचा मृत्यू गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा, की दुसऱ्या कशाचा, हे कोणी ठरवले? इथे बार्शीची पुण्याई कामी आली. 1987 मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली होती, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या 346 गावांसाठी. तिचे कर्मचारी रुग्णालयात बसून कागद येण्याची वाट पाहत नसत. ते गावोगाव फिरत, पाटलाशी, शिक्षकाशी, दाईशी बोलत, अंगावरून जाते म्हणून गप्प बसलेल्या बाईला तपासणीला यायला राजी करत आणि कोणी गेले तर घरी जाऊन कशाने गेले ते विचारून घेत. जगातली भारी सूत्रे पुढे वापरता आली ती या पायपिटीमुळे.

सूत्रांनाही मर्यादा आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. बर्नुलींनी विचारले होते: हे कारण पुसले तर काय होईल? धाराशिवच्या पाहणीने विचारले: सगळी कारणे जागच्या जागी असताना, या कारणाने किती जातील? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नोंदींतून मिळते. पहिल्याचे मिळत नाही, निदान नुसत्या नोंदींतून नाही. अनास्तासिओस त्सियातिस यांनी 1975 मध्ये गणिताने दाखवून दिले की कारणे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत की गुंतलेली, हे केवळ 'कधी गेला आणि कशाने गेला' यावरून कधीच ठरवता येणार नाही. मधुमेह असलेल्या रुग्णाला क्षयही गाठतो, मूत्रपिंडही दगा देते. क्षय पुसला तर मूत्रपिंडाचे काय होईल, हे वही सांगू शकत नाही. (योगायोग असा की देवीचा भारतातला शेवटचा रुग्णही त्याच 1975 च्या मे महिन्यात सापडला. बर्नुलींचे 'पुसले तर' प्रत्यक्षात उतरले, ते गणिताने नव्हे, टोचणाऱ्या हातांनी.) म्हणून कोणी 'अमुक आजार संपवला तर पुण्यात आयुर्मान इतके वाढेल' असे छातीठोकपणे सांगू लागला, की आपण दोन मिनिटे थांबून विचारावे, उरलेली कारणे तशीच राहतील हे कोणी सांगितले?

आपल्या खात्याच्या पुढ्यात हे रोज येते. क्षयरोगाच्या उपचारांच्या अहवालात 'बरा झाला', 'उपचार पूर्ण', 'उपचार निष्फळ', 'संपर्क तुटला' आणि 'मृत्यू' असे रकाने असतात. त्यातला मृत्यू कुठल्याही कारणाने झालेला असला तरी तिथेच धरला जातो. हा तक्ता चांगला आहे. निदान सगळ्या वाटा तरी दाखवतो. मूत्रपिंडासाठी प्रतीक्षायादीत असलेल्यांचे तसे होत नाही. 'सरासरी इतकी वाट पाहावी लागते' हा आकडा ज्यांना अवयव मिळाला त्यांच्यावरून काढला, तर वाट पाहता पाहता गेलेले त्यात नसतात, आणि यादी आहे त्यापेक्षा वेगाने सरकताना दिसते. डायलिसिसवर असलेल्या आजोबांना गुडघ्याची शस्त्रक्रिया सुचवताना 'दहा वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता इतकी टक्के' असे सांगितले जाते; तो आकडा सत्तरीच्या पुढच्यांसाठी बहुधा फुगलेला असतो, कारण पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येण्याआधी त्यांतले बरेच जण नसतात. कडू बोलणे आहे, पण निर्णय आजोबांनाच घ्यायचा आहे.

मग आपल्याकडे नेमके काय मागायचे?

आधी फॉर्म चार. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टरांनी भरायचे हे प्रमाणपत्र. घरी झाला तर फॉर्म चार-अ. त्यात मृत्यूचे तात्कालिक कारण, ते कशामुळे आणि तेही मुळात कशामुळे, असे ओळीने विचारलेले असते, शेजारी आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा कालावधी. काळ आणि कारण, दोन्ही एका पानावर. संख्याशास्त्रज्ञाला याहून काही नको असते. त्याच पानावर सूचना छापलेली आहे की हृदय बंद पडणे, अशक्तपणा असा मरण्याचा प्रकार लिहू नये, आजार लिहावा. आणि तरीही असंख्य फॉर्मांवर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' एवढेच असते. हृदय आणि श्वास थांबले म्हणूनच तर प्रमाणपत्र लिहायची वेळ आली! रात्रीच्या पाळीतल्या निवासी डॉक्टरवर दोष टाकून भागणार नाही. त्याच्यापुढे रुग्णाची जुने केस पेपर नसतात, मृतदेहासाठी नातेवाईक दारात उभे असतात आणि फॉर्म भरायला त्याला कोणी शिकवलेले नसते.

कायद्याने हातभार लावला आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र रुग्णालयांनी निबंधकाकडे मोफत द्यायचे आणि एक प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यायची, असे त्यात आहे. ही प्रत मागायची असते, हेच कित्येकांना माहीत नाही. देशभराचे चित्र फार उत्साहाचे नाही: भारताच्या महानिबंधकांच्या 2020 आणि 2021 च्या अहवालांनुसार नोंदलेल्या मृत्यूंपैकी चौथ्या हिश्श्याहून कमी मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. शहरांत ते प्रमाण जास्त असायला हवे. पण मांजरीसारख्या कालपर्यंत गाव असलेल्या भागात वृद्ध माणूस अजून घरीच जातो, आणि त्याच्या नोंदीत 'वार्धक्य' लिहून विषय संपतो.

यावर उपाय शोधायला परदेशी जायचे कारण नाही. मांजरीहून फार लांब नसलेल्या शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र 2002 पासून बावीस गावांतल्या माणसांची नोंद ठेवते. कोणी घरी गेले की प्रशिक्षित कार्यकर्ता काही आठवड्यांनी घरच्यांना भेटतो, ताप किती दिवस होता, धाप लागत होती का, पाय सुजले होते का, असे ठरलेले प्रश्न विचारतो, आणि डॉक्टर ती माहिती वाचून कारण ठरवतात. या पद्धतीला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात. ती अचूक नाही, पण 'वार्धक्य'पेक्षा शतपटीने बरी. मांजरीत आशा कार्यकर्त्या आहेत, रजिस्टर आपल्याकडे आहे आणि वढूच्या लोकांना ही विद्या येते.

हिशेब करणारेही शहरातच आहेत. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात स्पर्धक जोखमींवर दशकानुदशके काम झालेले आहे. जयंत देशपांडे यांनी दोन कारणे सारखीच बळकट आहेत की एक वरचढ आहे, हे तपासण्याची चाचणी 1990 मध्ये मांडली. सुधा पुरोहित यांच्याबरोबर 2005 मध्ये आयुष्यकालाच्या माहितीवर त्यांनी लिहिलेले पुस्तक जगभर अभ्यासले जाते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे हिशेब होतात, ते 'आर' फुकट मिळते. महापालिकेला निविदा काढावी लागणार नाही.

घाई कशाची, असे कोणी विचारेल. घाई सर्वाव्हॅकची आहे. सीरमने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर काढलेली ही लस जानेवारी 2023 मध्ये बाजारात आली. आज नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीला ती टोचली, तर तिचे फळ तिच्या चाळिशी-पन्नाशीत दिसणार. मधल्या तीस-चाळीस वर्षांत त्या मुलींच्या पिढीतल्या काही जणी सोलापूर रस्त्यावरच्या अपघातात जातील, काही बाळंतपणात, काही क्षयाने, काही हृदयविकाराने. लशीने किती वाचवल्या, हे 2060 मध्ये कोणाला मोजायचे असेल, तर तोवरच्या प्रत्येक मृत्यूचे कारण लिहिलेले असावे लागेल. ते मागाहून लिहिता येत नाही.

म्हणून विनंती अशी. नव्याने आलेल्या तेवीस गावांतल्या घरी होणाऱ्या मृत्यूंसाठी व्हर्बल ऑटोप्सी सुरू करावी आणि पहिला प्रयोग मांजरी बुद्रुकमध्ये करावा. शहरातल्या प्रत्येक रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांना फॉर्म चार भरण्याचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण सक्तीचे करावे, आणि 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' एवढेच लिहून आलेला फॉर्म दुरुस्तीसाठी परत पाठवावा. आपल्या खात्याचा कुठलाही अहवाल, क्षयाचा असो, डायलिसिसचा असो की पुढच्या साथीचा, रुग्ण ज्या ज्या वाटांनी बाहेर पडले त्या सगळ्या दाखवणारा असावा आणि त्यांची बेरीज शंभर यावी. आणि दर वर्षी प्रभागनिहाय मृत्यूंची कारणे, नावे वगळून, लोकांसाठी खुली करावीत. यातल्या पहिल्या कामाचा आदेश आपण येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकाआधी काढावा, ही अपेक्षा.

आपला,
मांजरी बुद्रुकचा एक रहिवासी